दोनदा टकटक

३ जून

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

मनगटाचं ऑपरेशन नीट झालं, टाके पंधरा दिवसांनी निघतील, हे नणंदबाईंनी कळवलं. डावा हात गळ्यात अडकवून तुम्ही उजव्या हाताने त्यांची कपाटं आवरायला काढली आहेत, हेही कळवलं. फोनवर बोलणं तुम्हाला आवडत नाही, म्हणून मी पत्रच लिहायचं ठरवलं. उजवा हात मोकळा आहे, तेव्हा उत्तर न द्यायला सबब चालणार नाही.

घरी सगळं ठीक आहे. तुमच्या चिरंजीवांनी दोनदा दूध उतू घालवलं आणि दोन्ही वेळा शेगडीचा दोष काढला. तुमच्या खोलीतली खिडकी मी रोज उघडते. कुंडीतल्या रोपाला पाणी घालते, जास्त घालत नाही.

आता कारखान्याचं सांगते, कारण मन तिथेच अडकलंय. तुमच्या पत्रा कापायच्या प्रेसवर मी बटणाएवढं काहीतरी स्क्रूने बसवलं, ते काय, असं तुम्ही मागे विचारलं होतंत आणि मी घाईत काहीतरी उत्तर दिलं होतं. तो ऐकणारा सेन्सर आहे. पण आपल्यासारखं हवेतून ऐकत नाही. शेजारी कोणी ओरडलं तरी त्याला पत्ता नसतो. मशीनच्या अंगातून, लोखंडातून जी थरथर जाते तेवढीच त्याला कळते. प्रेसचा एक ठोका पडला की पडद्यावर एक रेघ उमटते. चांगल्या ठोक्यांच्या रेघा त्याला आधी शिकवायच्या, आणि मग वेगळी रेघ आली की तो प्रेस जागच्या जागी थांबवतो. आतला साचा, म्हणजे डाय, तुटायच्या आत.

शिकवायला तुमचीच प्रेस निवडली ती साहेबांनी. आक्कांच्या हातून बिजागरीचा एक नग वाया जात नाही, चांगलं काय ते तिथेच शिकवा, असं म्हणाले. तुम्ही सुट्टीवर जायच्या आधीचे तीन दिवस तुमचे सगळे ठोके मी त्याला शिकवले. मला अभिमान वाटत होता. आणि आता तुमच्या जागी चष्मेवाला उभा राहिल्यापासून पहिल्याच ठोक्याला प्रेस बंद! पुन्हा चालू करा, पुन्हा बंद. शेवटी सेन्सरची तार काढून प्रेस चालवतात. चांगल्या मशीनला वाईट म्हणणारं यंत्र आम्हाला नको, असं साहेबांनी सेन्सर बनवणाऱ्या माझ्या कंपनीला कळवलंय. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, आणि माझे उमेदवारीचे सहा महिनेही तेव्हाच संपतात. म्हणजे यंत्र गेलं की मीही गेले.

प्रेसखात्यात सुनेला कशाला पाठवता, असं सगळे म्हणत असताना तुम्ही तुमचे जाड तळाचे बूट माझ्यापुढे आणून ठेवलेत, ते मी विसरलेले नाही. एक नंबर मोठे आहेत, दोन मोजे घालते. ते बूट परत करायची वेळ येऊ नये एवढंच वाटतं. तुम्ही त्या प्रेसवर बावीस वर्षं उभ्या आहात. काही सुचलं तर लिहा.

लोभ आहेच, तो उत्तराच्या रूपाने पोहोचावा.

तुमची,
सून

९ जून

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

पत्र पोहोचलं. दोनदा वाचलं. तुझं अक्षर सुरेख आहे, आमच्या चिरंजीवांना त्यातलं थोडं लाव.

माझा हात बरा आहे. डॉक्टर फार चौकस. डाव्या हाताने असं काय काम करता की मनगटाची नस अशी दबली, असं तीन वेळा विचारलं. मी म्हटलं, कपडे पिळते. त्यावर लेक माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू घरात धुण्याचं मशीन नाहीच. इथे दिवसभर बसून खायचं आणि लेकीचं ऐकून घ्यायचं. कपाटं आवरू नको म्हणते, मग मी काय भिंती मोजू?

तुझ्या यंत्राचं मला काय कळणार? दूर बसून सल्ला देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तरी विचारलंस म्हणून लिहिते. पत्र्याची गुंडाळी बदलली आहे का बघ. तेल कुठलं घालतात ते बघ. चष्मेवाला पत्रा ढकलताना घाई करतो, नाव मोठं लक्षण खोटं असं त्याचं काम. मशीनला माणसाची सवय असते ग, नवऱ्याला असते तशी. चार दिवस रुसेल, मग चालेल.

कारखान्यात माझी कोणी चौकशी केली तर बरी आहे एवढंच सांग. जास्त काही सांगू नकोस.

मुदतीची काळजी करू नकोस. तू कामाची आहेस, हे मी पहिल्या दिवशी ओळखलं होतं. घरात स्क्रू काढून परत बसवताना एकही उरला नाही, अशी सून मी दुसरी पाहिली नाही. जेवत जा वेळेवर.

आशीर्वाद द्यायला एक हातही पुरतो.

तुझी,
आई

१४ जून

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राने फार आधार वाटला. डॉक्टरांना सांगा की तुमची सून तुम्हाला कपडे पिळायला लावत नाही, माझी बदनामी होते.

तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. पत्रा तोच, तेल तेच. सेन्सर काढून, जागा घासून, पुन्हा बसवला. चष्मेवाल्याला हळू चालवायला सांगितलं, तो बिचारा इतका हळू चालवतो की खात्यातल्या बायका हसतात. काही उपयोग नाही. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग काल मी तुमच्या रेघा आणि त्याच्या रेघा एकावर एक ठेवून पाहिल्या. ठोका पडतो तेव्हाचा मोठा उंचवटा दोघांचा अगदी सारखा. पण तुमच्या रेघेत त्यानंतर, थरथर शांत होता होता, दोन बारीक उंचवटे आहेत. अगदी जवळजवळ, दोनच. तीन दिवसांच्या प्रत्येक ठोक्यामागे ते आहेत. चष्मेवाल्याच्या एकाही ठोक्यामागे नाहीत. सेन्सरला वाटतं की चांगल्या ठोक्यात ते असायलाच हवेत, म्हणून तो थांबवतो. त्याचं काही चुकत नाही. मी त्याला काय शिकवलं हेच मला माहीत नाही.

साहेब म्हणतात, तेव्हा एखादं बेअरिंग वाजत असेल, आता आपोआप बसलं असेल. त्यांचा हुकूम आहे की पुढच्या शनिवारी, किती वेगळी रेघ चालेल त्याची मर्यादा दुप्पट सैल करून टाका, म्हणजे प्रेस थांबणार नाही आणि सगळे सुखी. आई, मर्यादा इतकी सैल केली तर भोक पाडताना निघालेली चकती डायमध्ये अडकून राहिली तरी त्याला कळणार नाही. पुढच्या ठोक्याला डाय फुटेल, आणि तुकडे उडाले तर समोर माणूस उभा असतो. मर्यादा सैल केली तर नोकरी राहील, नाही केली तर जाईल. शनिवारपर्यंत मला झोप नाही.

आणखी एक लिहू का? तुम्ही निघालात त्या सकाळी तुम्ही बॅग भरत होतात, मी दारातून विचारलं की दवाखान्यात मी सोबत येऊ का. तुम्ही मागे वळूनही पाहिलं नाहीत. असं याआधीही झालंय. माझं काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा, मला राग येणार नाही. दोन वर्षांत हे विचारायचा धीर झाला नाही, कागदावर झाला.

लोभ कमी झाला असेल तर वाढवावा, ही विनंती.

तुमची,
सून

१८ जून

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

हे पत्र टपालात टाकत नाही, जावई उद्या तिकडे येणार आहेत त्यांच्याबरोबर देते. शनिवारच्या आत तुझ्या हातात पडलं पाहिजे.

मर्यादा सैल करू नकोस. ते दोन उंचवटे माझे आहेत.

सगळं सांगते. ठोका पडला की चकती डायखालच्या नळीतून डब्यात पडते, टण् करून. ज्याला ऐकू येतं त्याला तेवढं पुरतं. टण् झालं की पुढचा ठोका. मला ते टण् आठ वर्षांपासून ऐकू येत नाही. उजवा कान पूर्ण गेला आहे, डावा निम्मा. बावीस वर्षं प्रेसखात्यात काढली, कानात बोळे घालायचा नियम नंतर आला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

म्हणून मी एक वीतभर काठी ठेवली. एप्रनच्या खिशात असते. ठोका पडला की डाव्या हाताने नळीवर दोनदा टकटक. नळी मोकळी असेल तर काठीतून तळहाताला बारीक मुंग्या येतात. चकती अडकलेली असेल तर काही येत नाही, मुकं लागतं. मग मी प्रेस थांबवते आणि चकती काढते. कधीकधी टकटकीनेच ती सुटून पडते. दिवसाला हजारांवर ठोके, त्याच्या दुप्पट टकटक, म्हणून हे मनगट. कपडे पिळायचं खोटं. हात प्रेसच्या संरक्षक जाळीच्या आत घालायची सक्त मनाई आहे हे मला माहीत आहे, आणि मी रोज घालत होते हेही.

तू मागे पडदा घेऊन बसली होतीस तेव्हा मी काठी बाहीखाली लपवून टकटक करत होते. तुझ्यापासून लपवलं, आणि तुझं यंत्र मात्र ते मन लावून शिकलं. चोरी करून पावती मागे ठेवावी तसं झालं.

कान तपासायला दरवर्षी नर्स येते. ती बटण दाबते आणि आवाज आला की आपण हात वर करायचा. तिच्या मागे काचेची खिडकी आहे, त्यात तिचं बोट दिसतं. बोट हललं की मी हात वर करते. आठ वर्षं उत्तम गुणांनी पास. कळलं असतं तर प्रेसवरून काढून खोकी भरायला बसवलं असतं. मला निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत. ती माझ्या प्रेसवरच काढायची होती, दुसरा काही लोभ नव्हता.

आणि वेडे, तू दारातून काय विचारलंस ते मी ऐकलंच नाही ग. तोंड समोर असलं की ओठ वाचते, पाठ असली की काही नाही. मुलाला आणि लेकीलाही हे माहीत नाही, आईला फोन आवडत नाही एवढंच माहीत आहे. दोन वर्षं तू पाठीमागून बोलत राहिलीस आणि मी उत्तर दिलं नाही, आणि तुला वाटलं म्हातारी फुगली आहे. हे वाचून मी लेकीच्या न्हाणीघरात जाऊन रडले. तू माझ्यावर एकदाही आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर बरं झालं असतं, निदान ऐकू आला असता.

हे पत्र साहेबांना दाखव. काढतील प्रेसवरून तर काढू देत. चष्मेवाल्याच्या डोळ्यात डायचा तुकडा गेला तर मी कुठे तोंड दाखवू?

तुझी अपराधी,
आई

२१ जून

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र गुरुवारी हातात पडलं. जिन्यातच उभी राहून वाचलं, घरात यायलाही थांबले नाही. तुमचे चिरंजीव घाबरले, त्यांना वाटलं वाईट बातमी आहे. मी म्हटलं, दोन वर्षांतली सगळ्यात चांगली बातमी आहे, सासूबाई माझ्यावर रागावलेल्या नाहीत. त्यांना काही कळलं नाही. पुढचं मी सांगितलंही नाही.

शुक्रवारी सकाळी मी साहेबांना सांगितलं की शिकवण्यात माझी चूक झाली, सेन्सर नीट बसवायच्या आत शिकवायला सुरुवात केली, पुन्हा एक दिवस द्या. ते खूप बोलले. नवशिक्यांना पाठवतात, असंही बोलले. मी ऐकून घेतलं. दिवसभर चष्मेवाल्याच्या ठोक्यांवर नव्याने शिकवलं आणि आज तार जोडून प्रेस सुरू केली. चालली, आई! तीनशे ठोके एकदाही न थांबता.

आणि मग जेवणाच्या सुट्टीनंतर एकदम थांबली. चष्मेवाल्याने डोक्याला हात लावला. मी नळीखाली वाकून पाहिलं, तर चकती आडवी अडकून बसलेली. रेघ काढून पाहिली. चकती पडताना जे टण् होतं, त्याचाही एक अगदी लहान उंचवटा असतो. तुमच्या रेघेत तो टकटकीखाली झाकला गेला होता आणि चष्मेवाल्याच्या रेघेत मी फक्त तुमचे दोन उंचवटे शोधत होते, म्हणून मला कधी दिसलाच नाही. या वेळी तो आला नाही आणि सेन्सरने पुढचा ठोका पडू दिला नाही. तुम्ही तळहाताने ओळखता तेच त्याने ओळखलं. चष्मेवाल्याने ती चकती खिशात घातली, घरी दाखवणार म्हणतो.

तुमचं पत्र माझ्या कपाटात कपड्यांखाली आहे, साहेबांना दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही. माझ्यावर थोडा आळ आला, पण यंत्र राहिलं, बहुतेक मीही राहीन. तुम्ही बऱ्या होऊन आपल्या प्रेसवर परत या. आता काठीची गरज नाही, चकती अडकली तर प्रेस आपणच थांबेल. कोणाला काही कळायचं कारण नाही.

तुम्ही मला एवढं सांगितलंत, याचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. शिकेन.

तुमची,
सून

२५ जून

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

सेन्सर चालला हे वाचून मी इथे लेकीला मिठी मारली, एका हाताने. आणि पुढचं वाचून तुझा कान धरावासा वाटला. पत्र कपड्यांखाली ठेवायला लिहिलं नव्हतं. चूक माझी आणि बोलणी तू खाणार, हा कुठला न्याय? सुनेच्या पदराआड लपायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

तू मला वाचवलंस, हे मी जन्मभर विसरणार नाही. पण एक गोष्ट तुला माहीत नाही. नर्सच्या मागच्या खिडकीची युक्ती माझ्या एकटीपुरती राहिली नाही. खात्यातल्या आणखी चौघींना मीच ती शिकवली. हौसेने शिकवली, वर हसलो. त्या चौघींच्या प्रेसवर आज ना उद्या सेन्सर लावशील, पण त्यांच्या कानांचं काय? त्यांचं अजून निम्मं वाचण्यासारखं आहे. मी गप्प बसले तर त्या माझ्यासारख्या होईपर्यंत बोटाकडे बघत बसतील.

म्हणून मी काल साहेबांना माझ्या हाताने पत्र लिहिलं आणि टाकलं. काठी, जाळी, कान, खिडकी, सगळं. नाव फक्त माझं लिहिलं, त्या चौघींचं त्या बघतील. आणि हेही लिहिलं की शिकवण्यात सुनेची काही चूक नव्हती, मी तिला फसवलं. काल लेकीलाही सांगितलं. मग तिने मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे खिडकी नव्हती, सपशेल नापास झाले.

टाके निघाले. हात हलका वाटतो, मीही.

तुझी,
आई

१ जुलै

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र साहेबांच्या टेबलावर शनिवारी पोहोचलं आणि आमच्या खात्यात वादळ आलं.

साहेबांनी मला बोलावून विचारलं की मला ठाऊक होतं का. मी हो म्हटलं. मग मला झाडलं ते यासाठी की चूक केली नसताना केली असं का सांगितलं, आता तुमच्या कुठल्या अहवालावर विश्वास ठेवायचा. बरोबर बोलले, मला लाज वाटली. जाळीच्या आत हात घातल्याबद्दल तुम्हाला लेखी समज मिळणार आहे. बावीस वर्षांतली पहिली, चौकटीत लावू या. आणि दोन महिने खोकी भरायच्या विभागात. त्यानंतर कानाचं यंत्र लावून तपासणीत खरोखर पास झालात तर तुमची प्रेस तुम्हाला. हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, मी दोनदा वाचून घेतलं.

काल सकाळी त्या चौघीजणी आपणहून त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. कोणी बोलावलं नव्हतं. आणि त्यांच्या मागे पाचवा आला तो आपला सुपरवायझर! आम्ही काहीही विचारलं की मान डोलावतो म्हणून आपण त्याला नंदीबैल म्हणत होतो. बिचाऱ्याला सहा वर्षं काही ऐकूच येत नव्हतं. आता तपासणीच्या खोलीत नर्स खिडकीकडे पाठ करून बसणार नाही, आणि दहाही प्रेसना सेन्सर लागणार आहेत, वर दिवा. चकती पडली की हिरवा.

मला कायम केलं. कंपनीच्या फॉर्मवर मी एक ओळ वाढवून घेतली आहे. कुठल्याही मशीनवर शिकवायच्या आधी तिथल्या माणसाला विचारायचं की तुम्ही असं काय करता जे कोणाला सांगितलेलं नाही, आणि हेही सांगायचं की त्यासाठी कोणी रागावणार नाही. काल चार नंबरवरच्या बाईंना विचारलं. त्या लाजल्या आणि म्हणाल्या, दर दहा ठोक्यांनी त्या मशीनला एक लाथ घालतात. कारण विचारलं तर म्हणाल्या, कारण काही नाही, बरं वाटतं.

कधी येताय?

तुमची,
सून

५ जुलै

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

कायम झाल्याची बातमी लेकीने मोठ्याने वाचून दाखवली, मी अडवलं नाही. समज मिळाली ती बरोबरच मिळाली. खोकीही भरेन, तिथे बसायला खुर्ची असते म्हणतात.

परवा दोन्ही कानांत यंत्रं बसवली. डाव्याला चांगलं कळतं, उजव्याला नुसती गुणगुण. या घरात एवढा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. नळ, चमचे, जावयांच्या चपला. लेकीचा आवाज आहे तसाच निघाला, थोडा जाड झालाय. जावई घोरतात हे तिने आजवर मला सांगितलं नव्हतं, आता दोन भिंतींतून कळतं.

काल रात्री तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचायला घेतली आणि मधेच थांबले. लेकीचा आवाज मला आठवत होता, मुलाचा आठवतो, माझ्या आईचाही आठवतो. तू घरात आलीस तेव्हा माझे कान गेलेले होते. दोन वर्षं एका घरात राहिलो, तुझं प्रत्येक बोलणं मी तुझ्या ओठांवरून घेतलं. माझ्यासाठी तू एवढं केलंस आणि तुझा आवाज कसा आहे, बारीक की भारी, हे मला ठाऊक नाही.

पुढच्या रविवारी दुपारच्या गाडीने येते. तोवर फोन करू नकोस. तुझा आवाज मला समोर बसून ऐकायचा आहे.

तुझी,
आई